खापरी नळाने आणलेला किनारा

अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे २०२४ पासून सरकारी दप्तरात अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्याला, समुद्रकिनारा नाही. सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेत पसरलेल्या या मुलखातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात वाळू दाखवतात, आणि शहराच्या पश्चिम अंगाने जाणारी सीना ही त्यांतलीच एक आहे. तरीही सोळाव्या शतकात याच शहराच्या दोन बाजूंना, उत्तरेस हश्त बिहिश्त बागेत आणि आग्नेयेस फराहबागेत, चहूकडून पाण्याने वेढलेले दोन विलासमहाल उभे राहिले. पाण्याकाठी बसून वारा खावा, रात्री दिव्यांचे प्रतिबिंब पाहावे आणि आलेल्या पाहुण्याचे डोळे दिपवावेत, ही हौस पुढे साडेतीनशे-चारशे वर्षांनी समुद्रकाठच्या भव्य हॉटेलांनी पैसे मोजू शकणाऱ्या प्रत्येकाला विकायला काढली. मुंबईत अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांनी १९०३ च्या डिसेंबरात उघडलेले ताजमहाल हॉटेल हे आपल्याकडचे तिचे सर्वांत ठळक उदाहरण, आणि त्याच्या आराखड्यामागचे एक प्रमुख नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी स्थापत्यविशारदाचे होते. मुंबईला मात्र समुद्र आयता होता आणि इमारत तेवढी उभी करायची होती. नगरमध्ये इमारतीइतकाच तिचा किनाराही बांधावा लागला, आणि या दोन कामांपैकी अवघड काम दुसरे होते.

नगरचा इतिहास मुळात बागेपासूनच सुरू होतो. बहमनी राज्य मोडकळीस आले असता जुन्नरचा सुभा हाती असलेल्या मलिक अहमदने बंड केले, आणि त्याच्यावर चालून आलेल्या जहांगीरखान या बहमनी सरदाराचा त्याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ पराभव केला. या लढाईला तवारिखांत ‘जंग-ए-बाग’, म्हणजे बागेची लढाई, असे नाव पडले, कारण विजयाच्या जागी मलिक अहमदने, म्हणजे पुढच्या अहमद निजामशहाने, एक बाग लावून तिला बाग निजाम म्हटले. पुढे सीनेच्या डाव्या तीरावर त्याने शहर वसवले. बागेभोवती भिंत घातली गेली, आत महाल झाला, आणि त्याचा नातू हुसेन निजामशहा याच्या कारकिर्दीत त्याच जागी आजचा दगडी भुईकोट किल्ला बांधून निघाला. तोफांचा मारा सोसणारा, १९४२ नंतर पंडित नेहरूंसह काँग्रेसच्या नेत्यांना बंदिवासात ठेवण्यासाठी वापरलेला हा किल्ला मुळात फुलझाडांच्या वाफ्यांवर उभा आहे, ही गोष्ट नगरकरांनाही सहसा आठवत नाही.

बाग या शब्दाचा येथे मराठीतला रोजचा अर्थ पुरेसा नाही. फारसी परंपरेतली बाग ही भिंतीने बंदिस्त केलेली, सरळ पाटांनी चौरसांत विभागलेली आणि मध्यभागी पाणी व इमारत असलेली योजनाबद्ध जागा असते; तिच्यात झाडाइतकेच, किंबहुना झाडाहून अधिक, महत्त्व पाण्याला असते. इराण आणि मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशात भिंतीबाहेर रखरखाट आणि भिंतीच्या आत वाहते पाणी हा विरोधच सत्तेचे प्रदर्शन करतो. निजामशाहीच्या दरबारात इराणी विद्वान, कारागीर, सरदार आणि कवी यांची सतत ये-जा असे. शाह ताहिर या इराणी धर्मपंडिताच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शिया पंथ राजधर्म म्हणून स्वीकारला, तेव्हापासून ही ये-जा वाढली. त्या लोकांना नगरची कोरडी हवा, उघडे डोंगर आणि माळ पाहून परके वाटले नसावे. आपल्या देशी अशा मुलखात काय करतात हे त्यांना ठाऊक होते: जमिनीखालून पाणी आणतात.

हे पाणी आणण्याची नगरची रीत खापरी नळांची होती, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय महालांची गोष्ट कळणार नाही. शहराभोवतीच्या चढावर, विशेषतः उत्तरेच्या आणि पूर्वेच्या अंगाला, जेथे डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांचे पाणी जमिनीत वरच लागते, तेथे मोठी विहीर किंवा बाव खोदून तिच्या पोटातून उताराच्या दिशेने भुयारी वाट काढली जाई. सुरुवातीचा भाग पुष्कळदा दगड-चुन्यात बांधलेला, पुढे भाजलेल्या मातीचे म्हणजे खापराचे नळ. प्रत्येक नळ एका टोकाला किंचित निमुळता असे, तो पुढच्या नळाच्या रुंद तोंडात बसवून सांधा चुन्याने भरला जाई, आणि सगळी रांग पुन्हा चुन्याच्या जाड गिलाव्यात गाडली जाई, म्हणजे वरून बैलगाडी गेली तरी खालचे खापर फुटू नये. उतार इतका अल्प ठेवावा लागे की पाणी थांबू नये, पण धावून सांधेही उखडू नये; जेथे नळ खोलगटातून जाऊन पुन्हा वर चढे तेथे आत कोंडलेली हवा निघून जाण्यासाठी आणि पाण्याचा दाब मोडण्यासाठी ठरावीक अंतरावर उभे मनोरे किंवा हौद बांधत, आणि अशा मनोऱ्याला दख्खनमध्ये ‘उच्छ्वास’ असे समर्पक नाव आहे, कारण नळ तेथे खरोखरच श्वास सोडतो.

शहराला पाणी पोचवणारे असे डझनाहून अधिक नळ निजामशाहीत होते, आणि कापूरवाडी, वडगाव, शेंडी, शहापूर, भिंगार ही त्यांच्या संदर्भात येणारी गावे आजही नगरच्या नकाशावर आहेत. या नळांना लोक नहर म्हणत. या व्यवस्थेतले एक वैशिष्ट्य असे की तिला उपसा लागत नाही, मोट लागत नाही, बैल लागत नाही. लागतो तो फक्त माणसाचा सततचा पहारा. नळात गाळ बसतो, चुन्याच्या फटीतून पिंपळाचे मूळ आत शिरते आणि केसांच्या जटेसारखे वाढून पाणी अडवते, कोणी तरी आपल्या शेतासाठी वाटेतच भोक पाडतो. विहीर पडकी झाली तरी ती विहीरच राहते. नहरीच्या दोन-तीन मैलांतला एक सांधा सुटला की पुढचे सगळे कोरडे पडते. त्यामुळे नहर चालू असणे याचा अर्थ असा की वरच्या गावापासून खालच्या हौदापर्यंत एकाच धन्याचा शब्द चालतो आहे.

या दोन जलमहालांपैकी जुना तो हश्त बिहिश्त बागेतला. ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे आठ स्वर्ग. इस्लामी कल्पनेप्रमाणे स्वर्गाचे आठ स्तर किंवा आठ दरवाजे मानले जातात, आणि त्यावरून मध्यभागी एक दालन व त्याच्याभोवती आठ दालने अशा वास्तुयोजनेलाही हेच नाव पडले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तब्रीझमध्ये या नावाचा प्रसिद्ध राजवाडा होता. इस्फहानमधला आज पर्यटक पाहतात तो हश्त बिहिश्त मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे नगरच्या बागेहून दीडशे वर्षांनी धाकटा आहे. नगरच्या बागेत अष्टकोनी तलाव आणि त्याच्या मधोमध महाल अशी रचना होती, पाणी शेंडी-वडगावकडून येई. सावेडीच्या बाजूला आज नव्या वसाहतींनी वेढलेल्या त्या जागेचे नाव लोकांच्या तोंडी घासून ‘भिस्तबाग’ झाले आहे. रिक्षावाल्याला भिस्तबाग चौक सांगणाऱ्या माणसाने नकळत स्वर्गाचाच पत्ता दिलेला असतो. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद मोगल फौज घेऊन नगरवर आला, चांदबिबीने किल्ला लढवला ती ही वेळ, तेव्हा त्याची छावणी याच बागेत पडली, यावरून तिथले पाणी आणि सावली शत्रूलाही कशी उपयोगी पडली ते दिसते.

निजामशाहीकडे खरा समुद्रही होता, हे येथे विसरता कामा नये. कोकणातले चौल हे तिचे मुख्य बंदर. अरबी घोडे, इराणी माणसे आणि दूरदेशचा माल याच वाटेने घाट चढून वर येई. निजामशाही स्थापन होण्याच्या वीस-एकवीस वर्षे आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरला गेला आणि पावसाळा त्याने तेथे काढला. परदेशी व्यापारी उतारशाळेत राहतात आणि तेथील बाई त्यांना रांधून घालते असे त्याने लिहून ठेवले आहे. मुक्काम आणि जेवण मोल घेऊन पुरवण्याच्या धंद्याचे या टापूतले हे फार जुने वर्णन असून आजच्या हॉटेलाची खरी पूर्वज ती उतारशाळाच म्हटली पाहिजे. फराहबागेसारख्या महालाकडून हॉटेलाने फक्त थाट उचलला. पण चौलचा किनारा निजामशहांचा निर्वेध कधीच नव्हता. पोर्तुगीजांनी तेथे ठाणे घातले होते, आणि मुर्तझा निजामशहाने १५७०-७१ मध्ये, विजापूरकरांनी गोव्याला वेढा दिला असता त्याच वेळी, मोठ्या फौजेनिशी चौलला घातलेला वेढा अखेर निष्फळ ठरून तहावर मिटला. ज्या राजाला आपल्या राज्याचा समुद्रकाठ हाती घेता आला नाही, त्याच्याच कारकिर्दीत राजधानीच्या वेशीबाहेर पाण्यातला सर्वांत मोठा महाल पुरा व्हावा, हा योगायोग असेल; पण तो डोळ्यांवर येणारा योगायोग आहे.

‘फराहबक्ष’ म्हणजे आनंद देणारा. किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला असलेल्या या बागेला लोक फराहबाग किंवा फऱ्याबाग म्हणतात. मुर्तझाचा कर्तबगार वजीर चंगीझखान याने कामाला हात घातला, त्याच्यामागे नियामतखानाने ते तडीस नेले, पण पूर्ण झालेली इमारत राजाच्या पसंतीस उतरली नाही म्हणून ती पाडून पुढचा वजीर सलाबतखान याच्या देखरेखीखाली पुन्हा बांधली गेली आणि १५८३ मध्ये पुरी झाली, असा तिचा वृत्तान्त सांगितला जातो. तयार महाल पाडण्यामागे स्थापत्याची जाण किती आणि दरबारी चढाओढ किती, हे ठरवण्याची आज सोय नाही; मात्र जुन्या मुत्सद्द्याचे काम नव्या मुत्सद्द्याने पाडून नव्याने करणे ही गोष्ट सरकारी बांधकामांच्या इतिहासात तेव्हाही नवी नव्हती.

उभी आहे ती वास्तू जाड भिंतींची, दुमजली आणि धाब्याची आहे. चौरसाचे कोपरे छाटले म्हणजे जसा असमान बाजूंचा अष्टकोन तयार होतो तसा तिचा आकार आहे. चारही मुख्य अंगांना दोन मजल्यांची उंची व्यापणारी टोकदार कमान आहे. अशा खोल कमानदार सज्जाला फारसीत ‘ऐवान’ म्हणतात, आणि त्याचा उपयोग उन्हात सावली धरण्याइतकाच समोरच्या पाण्यावरून येणारा वारा आत ओढून घेण्याचा असतो. मुख्य कमानीच्या दोन्ही हातांना एकावर एक अशा लहान कमानी, आणि आत, सगळ्या इमारतीच्या मध्यभागी, सुमारे तीस फूट उंचीचे घुमटाकार दालन. बाहेरच्या उजेडातून या दालनात शिरणाऱ्याला प्रथम काही दिसत नाही. डोळे सरावले की वरच्या मजल्याच्या झरोक्यांतून येणारे उजेडाचे पट्टे आणि गिलाव्यातल्या नक्षीचे उरलेले तुकडे दिसू लागतात. दगड येथे फक्त हाड आहे, रूप सगळे चुन्याचे आहे. हा चुना बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दिवसच्या दिवस मळला जाई आणि चिकटपणासाठी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा असे पदार्थ घालण्याची दख्खनमध्ये रीत होती. चार शतकांचे ऊन-पाऊस खाऊनही भिंतींवर तो जेथे शिल्लक आहे तेथे हात फिरवला तर तो अजून गुळगुळीत लागतो.

इमारतीभोवतीचा तलाव ब्रिटिश काळातील वर्णनांप्रमाणे सुमारे १५० फूट रुंद आणि १७ फूट खोल होता. सतरा फूट म्हणजे दीड-दोन मजली घर बुडेल एवढे पाणी, आणि ते अशा गावात, जेथे वर्षाकाठी सरासरी जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातही एका वर्षाचा भरवसा दुसऱ्या वर्षाला नसतो. उन्हाळ्यात एवढ्या उघड्या पाण्याची रोज वाफ होते; तलाव भरलेला दिसावा यासाठी नहरीने रोज केवळ तेवढी तूट भरून काढण्यापुरते पाणी पुरवणे भाग असते, मग बागेला आणि माणसांना द्यायचे ते वेगळे. पाहुण्याला ऐवानातून दिसणारे संथ पाणी संथ नव्हतेच; ते एका बाजूने आकाशात जात होते आणि दुसऱ्या बाजूने जमिनीखालून येत होते. या महालाचा खरा खर्च चुना-दगडात झाला नसून त्या न दिसणाऱ्या नळात झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या पाण्याच्या काठी राहणारा राजा मात्र पाहुणचाराचा भोक्ता नव्हता. वऱ्हाड जिंकून देणाऱ्या चंगीझखानाला कानभरणीवर विश्वासून मारवल्यानंतर मुर्तझा पश्चात्तापाने खचला, राज्यकारभार इतरांवर सोपवून तो वर्षानुवर्षे एकांतात राहू लागला, आणि प्रजेने त्याला ‘दिवाना’ म्हणजे वेडा हे टोपणनाव दिले. फराहबागेत तो दिल्लीच्या एका कलावंताबरोबर बुद्धिबळ खेळत बसे, त्या कलावंताला तो फतेहशाह म्हणे आणि त्याच्यासाठी त्याने बागेत लक्कड महाल नावाचा वेगळा महालही बांधला, अशी हकीकत नगरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दरबारच्या फारसी इतिहासात याच काळातली दुसरी गोष्ट येते: राजाने एका मर्जीतल्या व्यक्तीला अमोल जवाहीर देण्याचा हुकूम केला असता सलाबतखानाने अस्सलाच्या जागी नकली माल पुढे केला, ते उघडकीस येताच राजाने समोर मांडलेले जवाहीर आगीत लोटले. सलाबतखानाची बाजू घ्यावी असे वाटायला लावणारी ही गोष्ट आहे. एकाला खजिना सांभाळायचा होता, दुसऱ्याला तो नकोसा झाला होता, आणि दोघे मिळून पाण्यात महाल बांधत होते.

हा इतिहास लिहिणारा मुहम्मद कासिम फिरिश्ता हा स्वतः नगरच्या दरबारात वाढलेला. त्याचे वडील शाहजादा मीरान हुसेनला फारसी शिकवण्यासाठी आले होते, आणि पुढे फिरिश्ता राजाच्या पहाऱ्यावरच्या शिपायांचा अंमलदार झाला. १५८८ मध्ये मीरान हुसेनने बापावर चाल केली तेव्हा पहाऱ्यावरचा हा जुना सोबती त्याने ओळखला आणि जिवंत सोडला. मुर्तझाला मात्र हमामखान्यात कोंडून, दारे बंद करून, खाली जाळ वाढवून मारण्यात आले. वर्षभरात मीरान हुसेनही मारला गेला, फिरिश्ता विजापूरला निघून गेला, आणि आपला ग्रंथ त्याने तेथे आदिलशहासाठी लिहिला. मलिक कुम्मी आणि जुहूरी हे नगरला नावाजलेले इराणी कवीही पुढे विजापूरच्याच आश्रयाला गेले. पाहुणे गेल्यावर पाहुणचाराची वास्तू किती काळ टिकते, याचा अंदाज येथपासून बांधता येतो.

सलाबतखानाबद्दल मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण नगरच्या पाण्याच्या इतिहासात राजापेक्षा या वजिराची मुद्रा जास्त ठिकाणी उमटली आहे. शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर शाह डोंगराच्या माथ्यावर दिसणारी, लोक जिला चांदबिबी महाल म्हणतात ती तिमजली अष्टकोनी इमारत वास्तविक त्याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही, आणि तरीही नाव बदलायला कोणी तयार नाही. १५८९ च्या सुमारास तो मरण पावला तेव्हा ही कबर तयारच होती. अष्टकोनाची आवड, पाण्याचे काम आणि उंचावरून मुलूख न्याहाळण्याची हौस या तिन्ही गोष्टी त्याच्या नावाशी जोडलेल्या आहेत. भातोडीचा तलावही त्याच्याच खाती जमा आहे. मेहकरी नदीच्या खोऱ्यातला हा तलाव विलासासाठी नव्हता, शेतीसाठी होता. पण १६२४ मध्ये निजामशाहीचा तेव्हाचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही फौजांशी भातोडीला जी लढाई दिली तीत त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल करून टाकला, आणि जड तोफखाना व घोडदळ त्यात रुतले. शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. वजिराने साठवलेले पाणी असे सरतेशेवटी राज्य वाचवण्याच्या कामी आले, निदान बारा वर्षांपुरते तरी. १६३६ मध्ये निजामशाही संपली.

फराहबाग पाहून शाहजहानला ताजमहालाची कल्पना सुचली, असे नगरमध्ये अभिमानाने सांगतात. या विधानात खरे इतकेच की छाटलेल्या कोपऱ्यांचा चौरस, चारही अंगांना सारखी कमान आणि मध्ये घुमटाकार दालन या गोष्टी दोन्हीकडे आहेत. पण त्याच गोष्टी दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीत आहेत, आणि ती फराहबागेच्या दहाएक वर्षे आधी बांधून झाली होती. तिन्ही इमारतींची मुळे तैमूरी इराण आणि मध्य आशियात जातात. एकाच घराण्यातल्या चुलत भावांच्या चेहऱ्यात साम्य दिसते म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. फराहबागेचे मोठेपण आग्र्याच्या उधारीवर अवलंबून ठेवण्याची खरोखर गरज नाही. कारण आग्र्याला यमुना बाराही महिने दाराशी होती.

निजामशाहीनंतर बागांचा ऱ्हास कोणा एकाच्या हातून झाला नाही. निजामशाही पुरती संपण्याआधीच, १६०० मध्ये, किल्ला मोगलांनी घेतला होता, औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारजवळच्या छावणीत मरण पावला, १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला, मग शिंद्यांकडे, आणि १२ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने तो घेतला. यांतल्या कोणालाही नगर ही राजधानी म्हणून नको होती. ठाणे म्हणून हवी होती. ठाण्याला शहरातले हौद पुरतात. मग ज्या नहरी वस्तीला पाणी देत त्यांची डागडुजी होत राहिली आणि ज्या केवळ तलाव भरलेला दाखवत त्या आपोआप मागे पडल्या. फराहबागेचा तलाव असा हळूहळू कोरडा झाला: आधी पातळी उतरली असेल, मग पायऱ्या उघड्या पडल्या असतील, मग तळाशी गवत, मग बाभळी. वास्तू तशीच उभी राहिली, फक्त ती कशासाठी बांधली हे पाहणाऱ्याला कळेनासे झाले. आज तिच्या आसपासचा परिसर लष्कराकडे आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र स्वातंत्र्यानंतर नगरला आले, आणि १९९४ मध्ये याच बाजूला रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. सहलीला येणारी शाळेची मुले दोन महायुद्धांतले रणगाडे मन लावून पाहतात. शेजारच्या घुमटाकडे फारसे कोणी फिरकत नाही.

पाण्याकाठी मुक्कामाची हौस जिल्ह्यात पुन्हा अवतरली ती अगदी दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात, आणि तीही विलासाचे नाव न घेता. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याला १९१० मध्ये सुरू झालेले आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालेले धरण, सुमारे २७० फूट उंचीचे, त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक होते. त्याचा हेतू लाभक्षेत्रातल्या कोरड्या तालुक्यांना कालव्याने पाणी देणे हा होता. हरेगाव, लोणी, श्रीरामपूर या भागातली उसाची शेती आणि साखर कारखानदारी त्याच पाण्यावर उभी राहिली, तर वर घाटात महादेव कोळी समाजाच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. धरणाच्या कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांसाठी पाटबंधारे खात्याने जलाशयाच्या अंगाला बांधलेला बंगला, पुढे पर्यटन महामंडळाचे निवास, आणि अलीकडे तिथल्या, नगरजवळच्या शेंडीहून वेगळ्या, शेंडी गावापासून रतनवाडीच्या रस्त्यापर्यंत पसरलेले तंबू आणि रिसॉर्ट हा या काठाचा इतिहास. कळसूबाईच्या पायथ्याचा हा भाग मे-जूनमध्ये काजव्यांसाठी गजबजतो, आणि मुंबई-पुण्याहून येणारा पाहुणा ‘लेक व्ह्यू’ खोलीसाठी जास्त भाडे मोजतो.

निजामशहाच्या तलावात आणि या जलाशयात एक फरक आहे. तेथे पाणी महालासाठी येत होते. येथे पाण्यावर पहिला हक्क खालच्या शेताचा आहे. रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने, म्हणजे कालव्यात ठरावीक दिवसांनी सोडली जाणारी पाण्याची पाळी, जसजशी होत जातात तसतशी जलाशयाची पातळी फुटाफुटाने उतरते. काजव्यांचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच पाणी सर्वांत खाली गेलेले असते. सज्जातून दिसतो तो भेगाळलेल्या तांबूस गाळाचा रुंद पट्टा, त्यात वर आलेले जुन्या बांधांचे दगड, आणि त्याच्याही पलीकडे, दोर लांबवून बांधलेल्या होड्यांपाशी, पाणी.